हौसाबाईंचा तरवा आणि नाशवंत मालाचा अर्ज

आमच्या घरात टिकाऊ असं फारसं काही नव्हतं. भोरला कोर्टाच्या मागच्या आळीत दोन खोल्या आणि मागे हातभर परस, एवढं आमचं भाड्याचं बिऱ्हाड. त्या दोन खोल्यांवर आईचं राज्य होतं आणि तिच्या राज्यात एकच नियम कडक होता: जे उद्यापर्यंत राहणार नाही ते आज वाटून टाकायचं. आळीच्या टोकाला राहणाऱ्या गवळ्याची म्हैस व्याली की तो पहिल्या दिवसाचा चीक आमच्याकडे आणून देई. आई त्यात गूळ आणि जायफळ घालून खरवस उकडायला ठेवी आणि तो पुरता गार व्हायच्या आत मला वाट्या देऊन पिटाळी. "आधी गिरणीवाल्यांकडे, मग मास्तरीणबाईंकडे, आणि रस्त्यात गप्पा छाटत उभी राहू नकोस." आमच्या वाट्याला येई ती भांड्याच्या कडेला चिकटलेली खरवड. मला त्याचा भयंकर राग येई. आज माझ्या पुण्यातल्या फ्रिजमध्ये दुकानातला खरवस आठवडाभर पडून राहतो आणि वाटी घेऊन जावं असं जिन्यात कुणाचंच दार उघडं नसतं. आईवर रागावलेली ती मी आठवली की माझं मलाच हसू येतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका वकीलसाहेबांचे कारकून होते. वकीलसाहेब आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या कोर्टात असत, त्यामुळे भोरची कामं अण्णांच्याच अंगावर. संध्याकाळी ते ओटीवर लाकडी पेटी मांडीशी घेऊन बसत आणि अर्ज लिहीत. कोर्टाची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जेवतानाही ती सुटत नसे. "सदरहू आमटीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास येते," असं ते गंभीर चेहऱ्याने म्हणत आणि आई तितक्याच गंभीरपणे मिठाची बरणी त्यांच्यासमोर आदळत असे. दुपारी कोर्टातला पट्टेवाला पक्षकारांच्या नावाचा पुकारा करी तो आम्हाला मोरीत भांडी घासताना ऐकू येई. कुणाचं काय चाललंय हे आम्हाला त्या पुकाऱ्यावरून कळे. त्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांना सारखं पाणी येऊ लागलं होतं. माझा दहावीचा निकाल लागला होता, पुढच्या शिक्षणाचं घरात काही ठरत नव्हतं, आणि अक्षर चांगलं म्हणून पेटीवरचं काम हळूहळू माझ्याकडे आलं होतं. वर पांढरा कागद, मध्ये जांभळा कार्बन, खाली पातळ कागद, असं लावून मी अर्ज पक्के करून देत असे. मला त्याचा गर्वही चढला होता.

परवा नातीने मोबाईलवरून भाजी मागवली. पालक पिवळा निघाला म्हणून ती परत करायला गेली तर पडद्यावर ओळ आली, नाशवंत वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत. "आजी, नाशवंत म्हणजे?" तिने विचारलं. मी म्हटलं, लवकर खराब होणारं. तेवढ्यावर तिचं भागलं. माझं भागलं नाही. तो शब्द मी सोळाव्या वर्षी कायद्याच्या पुस्तकातून शोधून काढला होता, आणि माझ्या त्या शहाणपणापायी एका बाईचा वर्षाचा तांदूळ जायची वेळ आली होती. पालक चिरता चिरता सगळं आठवत राहिलं.

आषाढातली सकाळ होती. आई टाकळ्याची भाजी निवडत बसली होती, एवढ्यात परसातल्या दारातून हौसाबाई आल्या. डोक्यावर ओलं पोतं, त्यातून पाणी गळतंय, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याच्या बाजूला त्यांचं गाव. मार्गासनीपर्यंत चालत, तिथून एसटीने नसरापूर आणि नसरापूरला गाडी बदलून भोर, असं करत त्या आल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, एकट्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला आणि मूलबाळ नाही. दिराचा मुलगा मारुती शेजारीच राहायचा, एका अंगणात. वरचं भाताचं खाचर आपल्या वाट्याचं आहे असा त्याने दावा लावला होता, कारण भावाभावांची वाटणी तोंडीच झालेली. हौसाबाईंची बाजू आमच्या वकीलसाहेबांकडे होती. कोर्टाने पुढच्या तारखेपर्यंत दोघांनाही मनाई केली होती. वादी आणि प्रतिवादी, दोघांपैकी कुणीही खाचरात पाऊल टाकायचं नाही, आहे तसं राहू द्यायचं.

हौसाबाईंनी पोतं खाली ठेवून उघडलं. आत हिरव्यागार भातरोपांची एक जुडी होती, मुळांना माती तशीच.

"ह्यो बगा भाऊसाहेब, माझा तरवा," त्या अण्णांना म्हणाल्या. "अठरा दिसाचा झालाय. कोर्टाचा कागद यायच्या आदीच म्या वाफ्यात पालापाचोळा टाकून दाढ भाजली आनि बी फेकलंवतं. त्याच खाचराच्या कोपऱ्यात. ही जुडी बांदावरनं हात घालून उपाटली, पाय न्हाई टाकला, देवाची आन. आता तुमी म्हंता पाय टाकायचा न्हाई. मंग लावू कुठं आनि कवा?"

"पुढची तारीख महिन्याने आहे, हौसाबाई."

"म्हैन्यानं?" त्या खाली बसल्याच. "आवो, त्याला म्हैना झाला की कांडं धरतंय. मंग लावला काय आन् बैलाला घातला काय, सारकंच. माझं तेवडं एकच खाचर हाय. वरीसभर खाऊ काय म्या?"

अण्णांनी मनाई हुकूम पुन्हा वाचला. त्यात तरव्याचं नाव कुठेच नव्हतं. हुकूम लिहिणाऱ्याला तरवा माहीतच नसणार. आईने हौसाबाईंना चहा आणि भाकरी दिली, आणि त्यांचं खाणं होईपर्यंत ती जुडी उचलून परसातल्या घंगाळात पाणी घालून उभी करून ठेवली. "एवढ्या लांबून आणलीये, वाळायला नको," एवढंच म्हणाली. हौसाबाई रात्री नसरापूरला बहिणीकडे उतरणार होत्या. जुडी इथेच ठेवा म्हणाल्या, साहेबाला दाखवायला उपयोगी पडेल.

त्या दुपारी मी अण्णांच्या पेटीतलं दिवाणी कायद्याचं जाड मराठी पुस्तक काढून बसले. त्याची पानं हाताला तंबाखूसारखी लागायची. दोन तास शोधल्यावर मला हवं ते मिळालं. दाव्यात अडकलेला माल जर नाशवंत असेल, आपोआप आणि लवकर खराब होणारा असेल, तर निकालाची वाट न बघता तो विकून टाकायचा हुकूम कोर्ट देऊ शकतं आणि आलेले पैसे कोर्टात राहतात, अशा अर्थाचं कलम. आणि दुसऱ्या एका पानावर आणखी गंमत होती: जमिनीत उभं असलेलं पीकसुद्धा जंगम मालातच धरायचं. मी धावत अण्णांकडे गेले. अण्णांनी डोळे पुसून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "सुमे, वकीलसाहेबांना हे आठवायला आठवडा लागला असता." माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तरवा वाचवायचं म्हणजे त्याला नाशवंत ठरवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढे 'विकून टाकायचा' हे शब्द होते, ते मी वाचले होते, लिहिलेही होते, पण त्यांच्यावर माझी नजर थांबलीच नाही. भाजीवाली संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात विकते आणि सगळ्यांचं भलं होतं, इतपतच माझी अक्कल. अण्णाही जन्माने भोर शहरातलेच. भात ते ताटातच बघत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आल्या तेव्हा मी अर्ज वाचून दाखवला. सोळा वर्षांची मी, कोर्टाची भाषा, आणि त्यात मुद्दाम ठसक्यात वाचलेलं. सदरहू तरवा हा नाशवंत माल असल्याने, वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"नाशवंत म्हंजी?"

"म्हणजे लवकर खराब होणारा."

"खराब कशाला व्हईल? त्यो जिता हाय पोरी, लावला की वाडतोय." मग त्या अण्णांकडे वळल्या. "पन तुमी लिव्हलंय म्हंजी बराबरच आसंल." आणि त्यांनी अंगठा उठवला. त्या अंगठ्याची शाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. समजून न घेता दिलेला अंगठा होता तो, आणि समजावून न सांगता आम्ही घेतलेला.

अर्ज चालला त्याची हकीकत वकीलसाहेबांनी नंतर मोठ्या खुशीत सांगितली. मारुतीचे वकील म्हणाले, मातीत रुतलेली रोपं म्हणजे माल कसा होईल? वकीलसाहेबांनी माझं दुसरं पान काढलं. जज्जसाहेबांनी आमच्या घंगाळातली जुडी मागवून घेतली, आईने पट्टेवाल्याकडे ती ताटात घालून दिली, आणि साहेबांनी चष्मा वर करून ती बघितली. हुकूम त्याच दिवशी झाला. तरवा नाशवंत आहे, बेलिफाने तीन दिवसांत जागेवर लिलाव करावा, रक्कम कोर्टात जमा करावी. जुडी ताटातून परत आली, घंगाळात पुन्हा उभी राहिली, आणि मी हौसाबाईंची वाट बघत दारात बसले. त्या आल्याबरोबर मी ओरडले, "हौसाबाई, तुमचा तरवा वाचला! विकायची परवानगी मिळाली!"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आई भाजी निवडायची थांबली.

"इकायचा?" हौसाबाई म्हणाल्या. "तरवा?"

"हो. पैसे कोर्टात सुरक्षित राहतील."

"पोरी, तरवा कुनी इकतं व्हय?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमच्या खोऱ्यात तरवा इकत न्हाईत. ज्याला कमी पडला त्यानं मागायचा, ज्याच्याकडं जास्ती त्यानं द्यायचा. माज्या सासूनं दुस्मनाला बी न्हाई म्हनलं न्हवतं. आनि समद्या गावापुडं माजा तरवा बोलीवर काडनार? आनि इकल्यावर म्या लावू काय, कोर्टातलं पैसं?"

अण्णांनी पेटीचं झाकण लावलं. मग आईच म्हणाली, "अहो, जे वाटून टाकायचं असतं त्याचा लिलाव काय मांडलात?" तिने उभ्या जन्मात कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. पुस्तक वाचलं मी, शब्द शोधला मी, आणि ज्या बाईसाठी शोधला तिचंच ताट मी पुढ्यातून ओढलं होतं.

लिलावाच्या दिवशी मी अण्णांबरोबर जायचा हट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांमुळे कुणीतरी हवंच होतं, पण खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. पाऊस भुरभुरत होता. बेलिफ म्हणजे एक पोटाने मोठा, मनाने बरा माणूस. छत्री, पिशवी आणि हुकूम सांभाळत तो बांधावरून तोल सावरत चालला होता. गावात दवंडी झाली होती. खाचराशी पोचलो तर सगळा गाव जमलेला, डोक्यावर घोंगड्या आणि इरली घेऊन. एका कोपऱ्यात चार-पाच वाफ्यांत हौसाबाईंचा तरवा वाऱ्यावर हलत होता, आणि आजूबाजूच्या सगळ्या खाचरांत लावणी संपत आली होती. अडलेलं फक्त हेच एक खाचर. हौसाबाई एका बांधावर उभ्या होत्या, मारुती समोरच्या. तिशीचा, उंच, गप्प माणूस.

"बोला!" बेलिफ म्हणाला. "सदर नाशवंत माल, उभा तरवा. कोण काय देतं?"

कुणी काही बोललं नाही. बेलिफाने पुन्हा विचारलं. मागून एक बाई फिस्सकन हसली आणि तिला कुणीतरी गप्प केलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोलीस पाटील पुढे आले. पांढरा फेटा, पिळदार मिशा, वय साठीच्या पुढे.

"साहेब, तुमी रातच्यापातूर वरडा," ते म्हणाले. "हितं तरव्याला भाव न्हाई. कुनी मागितला तर दिऊ, कुनी दिला तर घिऊ. इकत घेतला तर पोरीबाळी नावं ठिवतील."

बेलिफाने मारुतीकडे पाहिलं. मला वाटलं, हा बोली लावणार, एक रुपयात सगळा तरवा नेणार आणि हुकूम माझ्याच अर्जावर झालेला. मारुतीने मान हलवली.

"म्या न्हाई बोली लावनार. तरवा हाय त्यो."

बेलिफ सुटला असं त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने पिशवीवर कागद ठेवून 'कोणी खरेदीदार आला नाही' असं लिहायला घेतलं. तेव्हा अण्णा, जे एरवी कोर्टाच्या माणसाला कधी उलट बोलत नसत, त्यांनी त्याचा हात धरला. "असं नका लिहू. असं लिहिलंत की साहेब दुसरी तारीख देतील. जे झालं ते लिहा. या खोऱ्यात तरवा विकायची रीत नाही, मागून न्यायची रीत आहे, असं हजर लोकांनी सांगितलं. आणि पाटलांची सही घ्या." बेलिफ कुरकुरला, पण लिहू लागला. मी कागदावर छत्री धरून उभी होते. अण्णा मग मारुतीकडे वळले. तो समोरच्या पक्षाचा माणूस होता, त्याच्याशी बोलणंसुद्धा रीतीला धरून नव्हतं.

"मारुतराव, हा तरवा कुणी तिसऱ्याने या खाचरात लावला, आणि पीक निकालापर्यंत तिसऱ्याकडेच राहिलं, तर तुमची हरकत आहे?"

मारुतीने तरव्याकडे बघितलं, मग पलीकडच्या बांधाकडे.

"लावायला कोन हरकत घील? म्या जमिनीसाटी भांडतोय भाऊसाहेब. तरव्याशी न्हाई भांडन माजं."

परतीच्या एसटीत अण्णांनी मला अर्ज तोंडी सांगितला आणि गाडी नसरापूरच्या खड्ड्यांतून हिंदकळत असताना मी तो वहीच्या पाठीवर लिहिला. या वेळी विकायचं नाही. कोर्टाने पोलीस पाटलांना आपला माणूस म्हणून नेमावं, त्यांनी खाचर चिखलून तरवा लावून घ्यावा, पीक निघालं की आपल्याकडे ठेवावं. वादी आणि प्रतिवादी दोघेही बांधाच्या आत येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी हौसाबाई आल्या तेव्हा मी त्यांना साध्या बोलीत, एकेक वाक्य थांबून थांबून सांगितलं. त्यांनी चार प्रश्न विचारले. चौथ्याचं उत्तर मला येईना, तेव्हा अण्णांना विचारून आले. मगच त्यांनी अंगठा दिला. जज्जसाहेबांनी बेलिफाचा कागद दोनदा वाचला म्हणतात, आणि खालच्या आवाजात म्हणाले की हे आधी कुणी का नाही सांगितलं. तरवा तेव्हा पंचवीस दिवसांचा झाला होता.

सव्विसाव्या दिवशी सकाळी आईने घंगाळातली जुडी फडक्यात बांधून माझ्याकडे दिली. आठ दिवस तिने रोज पाणी बदललं होतं. पात्यांची टोकं पिवळी पडली होती, पण मुळं पांढरीशुभ्र फुटली होती. "ज्याची त्याला दे," ती म्हणाली.

पाटलांनी इर्जिक घातलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे बैल त्याने बैल आणायचे, ज्याच्याकडे हात त्याने हात आणायचे, आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. नांगर फिरून चिखल झाला होता, बाया ओळीने वाकून लावत होत्या, गाणं चाललं होतं. आणि बांधावर ते दोघे, एक या बाजूला, एक त्या बाजूला, पायाचा अंगठासुद्धा आत पडू नये म्हणून जपून उभे. तोंडं मात्र दोघांची चालू.

"दाट लावू नगा गं! फुटवा कुठं घील?" हौसाबाई ओरडत.

"पानी काडा त्या कोपऱ्यातलं, तरवा तरंगंल!" मारुती ओरडे.

"त्या शेवंतीला सांगा, मूठभर एका जागी खुपसू नगं म्हनावं!"

"येका जागी तीनच काड्या लावा, तीनच!"

एकमेकांशी दोन वर्षं न बोललेली ती दोन माणसं मधल्या चाळीस बायांमार्फत एकच गोष्ट सांगत होती. पाटील कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आता तुमी दोगं बी गप बसा, न्हाईतर कोर्टात कळवीन." सगळं खाचर हसलं. मारुतीही हसला, मग लगेच त्याने तोंड फिरवलं.

तरवा थोडा कमी पडला. काही रोपं किडली होती. वरच्या अंगाला एक कोपरा रिकामा राहिला, दोन खाटांएवढा. बाया म्हणाल्या, शेजारून मागून आणू. मी फडकं सोडलं. हौसाबाईंनी ती जुडी बघितली, मुळं बोटांनी चाचपली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला आत येता यायचं न्हाई. तुज्यावर कुठं मनाई हाय? उतर की." मी परकर खोचला आणि उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत गार लागला. तीन तीन काड्या घेऊन मी लावत गेले, वाकड्या ओळीत, आणि हौसाबाई बांधावरून मला प्रत्येक काडीला बोलत राहिल्या. दुपारी मारुतीच्या घरचा भात आणि हौसाबाईंच्या घरची हुलग्याची उसळ एकाच पंगतीत वाढली गेली. कुणी कुणाच्या घरचं ते विचारलं नाही. तसं ताट मी नंतर कुठेच जेवले नाही.

इथे थांबता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण दिवाळीनंतर एक दिवस पुन्हा परसातलं दार वाजलं. मी बघितलं तर मारुती. अण्णा चपापले. समोरच्या पक्षाचा माणूस आपल्या परसात, ही गोष्ट वकीलसाहेबांना कळली असती तर नोकरी गेली असती.

"तुमच्या वकिलांकडे जा मारुतराव. माझ्याशी बोलणं बरं नाही."

"त्यांना सांगितलं. त्ये म्हंत्यात, कशाला? तुजाच फायदा हाय," मारुती उंबऱ्याबाहेरच बसला. "भात पाटलाकडं पडलंय. निकालापातूर कुनाला द्यायचं न्हाई म्हंत्यात. तिकडं चुलतीच्या घरात तांदूळ न्हाई. दोन म्हैनं झालं, नाचनीवर काडतीया. आमच्या मंडळीनं ताट दिलं तर तिनं घेतलं न्हाई. लई मानी हाय. तुमी अर्ज करा. भात तिला द्या म्हून. म्या सही करतो."

"म्हणजे दावा मागे घेताय?"

"न्हाई," तो एकदम ताठ झाला. "दावा कशाला मागं घिऊ? खाचर माजंच हाय. दावा चालू द्या. पन ती खाईल काय?"

अण्णांनी पेटी ओढली. मी कार्बन लावला. अर्जाचा वरचा भाग झाला आणि कारणाच्या जागी अण्णा अडले. "सुमे, भात काही नाशवंत नाही," ते म्हणाले. "कणगीत दोन वर्षं टिकतं. कोर्टाला कारण द्यावं लागतं. काय लिहू?" मी पुस्तक काढायला उठले नाही. त्या पुस्तकावरचा माझा विश्वास थोडा उतरला होता.

"लिव्हा की," बाहेरून मारुती म्हणाला. "ती माजी चुलती हाय म्हून."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, लिही. जज्जसाहेबांनी ते वाचून मारुतीला उभं केलं आणि हे खरं आहे का विचारलं. तो म्हणाला, व्हय साहेब. साहेबांनी सही केली. दावा पुढे अकरा वर्षं चालला. दर पावसाळ्यात पाटलांनी इर्जिक घातलं, दर पावसाळ्यात ती दोघं दोन बांधांवरून ओरडली, आणि दर हिवाळ्यात तोच अर्ज नव्या तारखेने गेला. अकराव्या वर्षी निकाल लागायच्या आत हौसाबाई गेल्या, आणि वारस म्हणून मारुतीच उरला. भांडायला समोर कुणी नव्हतं. निकालाच्या दिवशी कोर्टातून निघून तो आमच्या ओटीवर येऊन तासभर बसून राहिला. आईने त्याच्यासमोर खरवसाची वाटी ठेवली होती, ती त्याने सगळी खाल्ली.

अण्णांची पेटी आता माझ्याकडे आहे. तिच्यात मारुतीच्या त्या भाताच्या पहिल्या अर्जाचा पातळ कागद आहे. कार्बनची जांभळी अक्षरं बरीच उडाली आहेत, वर्ष वाचता येत नाही, मारुतीच्या सहीचा नुसता डाग उरला आहे. माझं सोळा वर्षांचं अक्षर एका ओळीत मात्र अजून लागतं: कारण, प्रतिवादी ही वादीची चुलती आहे.